गाणें कोठें ठेवावें?

जळगांवच्या किंवा धुळ्याच्या जुन्या पेठेंतलें एखादें माळवदाचें घर पाडून त्या जागीं मजल्यांवर मजले चढूं लागतात, तेव्हां माळ्यावरची पत्र्याची पेटी एकदां तरी खालीं उतरते. तिच्यांत सर्वांत वर चकचकीत सी.डी. असतात, त्यांच्याखालीं कॅसेटी, आणि अगदीं तळाशीं जुन्या लुगड्यांत गुंडाळलेल्या दहा-पंधरा काळ्या तबकड्या. मुलगा म्हणतो, "बाबा, हें सगळें आतां मोबाइलवर मिळतें. नव्या घरांत एवढी जागा कशाला अडवायची?" बाबा म्हणतात, "असूं दे रे. आजीच्या वेळचें आहे." वाद तेथेंच थांबतो व पेटी पुन्हां कोठेंतरी वर चढते. दोघांचेंहि म्हणणें अर्धेंअर्धें खरें असतें. तळच्या तबकड्यांपुरतें बहुधा मुलाचें खरें असतें. मधल्या थरांतील एक-दोन कॅसेटींपुरतें वडिलांचें. मौज अशी कीं, वाद चालूं असतांना त्या एक-दोन कॅसेटींकडे कोणाचेंच लक्ष नसतें.

संगीत हातांत धरतां येईल अशा वस्तूंत ठेवावें, कीं अंकांच्या रूपानें संगणकांत किंवा मोबाइलमध्यें सांठवावें, कीं मुळींच न सांठवितां लागेल तेव्हां इंटरनेटवरून मागवून ऐकावें, हा प्रश्न आज बहुतेक घरांत केव्हां ना केव्हां निघतो. त्याचा निकाल "आवाज कशाचा अधिक चांगला?" या एकाच कसोटीवर लावण्याची चाल पडली आहे. ती कसोटी खोटी नाहीं. पण खानदेशांतील घरापुरतें बोलावयाचें तर तिचें महत्त्व सर्वांत कमी आहे. तरीहि प्रथम तीच हातावेगळी करणें सोयीचें.

तबकडीवर ध्वनीचें चित्र असतें. गाणाराच्या आवाजानें हवा जशी थरथरते, तशीं वळणें एका बारीक चरींत कोरलेलीं असतात. सुई त्या चरींतून जातांना तशीच थरथरते आणि तेंच थरथरणें मोठें होऊन कर्ण्यांतून ऐकूं येतें. कॅसेटींत चरीच्या जागीं लोखंडाच्या गंजासारख्या भुकटीचा थर दिलेली फीत असते आणि वळणांच्या जागीं चुंबकत्वाची कमीअधिक मात्रा. या दोहोंत होणारी नक्कल अखंड असते. अंकीय पद्धतींत मात्र ध्वनीची मोजणी होते. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सी.डी.साठीं ही मोजणी सेकंदास ४४,१०० वेळां केली जाते, आणि दर वेळीं आवाजाची पातळी ६५,५३६ पायऱ्यांपैकीं कोणत्या पायरीवर आहे तें टिपून ठेविलें जातें. हा ४४,१०० चा आकडा उगाच घेतलेला नाहीं. माणसाचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो. आणि कोणतेंहि कंपन जसेंच्या तसें पुन्हां उभें करावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजणी करावी लागते, असें गणित आहे. तेव्हां दोन मोजण्यांच्या मधल्या फटींतून गाणें निसटून जातें, हा जो समज कांहीं रसिक उराशीं बाळगून असतात, त्याला आधार नाहीं.

निसटतें तें पुढच्या पायरीवर. सी.डी.वरील एका मिनिटाच्या गाण्यास सुमारें १० मेगाबाइट जागा लागते. मोबाइलवरून येणारें गाणें बहुधा एवढें मोठें नसतें. त्याची छाटणी केलेली असते. ढोल जोरानें वाजत असतां शेजारची टाळ कानास ऐकूं येत नाहीं; मग ती लिहून तरी कां ठेवावी, या युक्तीवर एम्.पी.३ ही पद्धत उभारलेली आहे. छाटणी कडक केली तर गाणें मूळच्या अकराव्या हिश्श्यांत बसतें, परंतु तंबोऱ्याची आंस कोरडी पडते आणि झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. छाटणी बेताची असेल तर घरच्या साध्या कर्ण्यावर फरक ओळखणारे फार थोडे निघतील. याउलट तबकडीच्या आवाजांत जी 'ऊब' असल्याचें सांगतात, तींत सुईची खरखर, चरीची झीज आणि यंत्राचे बारीकसारीक दोष यांचा वांटा मोठा असतो. ती ऊब कोणास आवडूं नये असें नाहीं. जात्याच्या पिठाची भाकरी ज्यास आवडते त्यानें ती खुशाल खावी. मात्र आज संगणकावर ध्वनिमुद्रित झालेलें गाणें दोन-तीन हजार रुपयांच्या नव्या तबकडीवर विकत घेऊन "हाच खरा मूळचा आवाज" असें म्हणणें कांहींसें विनोदी आहे.

तरीहि तबकडीचा एक गुण नाकारतां येत नाहीं. मोठ्या तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. ती लावण्यास उठावें लागतें, संपल्यावर उलटावी लागते, आणि मध्यें गाणें बदलण्याचा मोह सहसा होत नाहीं. ज्या हातांत दर दहा सेकंदांनीं पुढचें गाणें आणण्याची सोय आहे त्या हातास ही शिस्त हवीशी वाटूं लागली, यांत नवल नाहीं. अमेरिकेंत २०२२ सालीं नगांच्या हिशेबानें तबकड्यांचा खप सी.डी.च्या खपाहून अधिक झाला. १९८७ नंतर असें प्रथमच घडलें.

आतां पेटीच्या तळच्या तबकड्यांकडे वळावें. हिंदुस्थानांत व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास आरंभ झाला. पहिल्या गाणारांत गोहरजान होती. तिनें प्रत्येक गाण्याच्या शेवटीं आपलें नांव इंग्रजींत पुकारलें आहे, कारण तबकड्या छापल्या जात त्या दूर जर्मनींत हॅनोव्हर येथें, आणि तेथील कारागिरांस गाणारीण कोण हें कळण्यास दुसरा उपाय नव्हता. १९०८ सालीं कलकत्त्यांतच सियालदह येथें कारखाना निघाला. या तबकड्या लाखेच्या. बांगडीची जी लाख तीच, दगडाच्या पुडींत व काजळींत कालविलेली. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडींत जेमतेम तीन-सवातीन मिनिटांचें गाणें मावे. मैफलींत तासभर चालणारा राग तेवढ्यांत कसा आवरावा, हा त्या काळच्या गाणारांपुढील मोठाच पेंच होता.

जळगांवचा या इतिहासाशीं एक हळवा संबंध आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढील काळचे बालगंधर्व, हे १८८८ सालीं जन्मले आणि लहानपणीं कांहीं काळ शिक्षणासाठीं जळगांवीं होते. तेथेंच मेहबूबखाँ यांजपाशीं त्यांनीं गाण्याचे पहिले धडे घेतले. त्या मुलाचा आवाज आज कोठेंहि ऐकावयास मिळणार नाहीं. कारण तो मुलगा जळगांवांत गात होता तेव्हां येथें ध्वनिमुद्रणाचें यंत्रच आलेलें नव्हतें. त्यांच्या पुढील वयांतील नाट्यगीतें मात्र तबकड्यांवर राहिलीं, आणि तबकड्या जपणाऱ्या रसिकांच्या चिकाटीमुळें त्यांतील पुष्कळ आज इंटरनेटवर कोणासहि ऐकतां येतात. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था या कामांत अग्रेसर आहे. कायद्याचाहि येथें अडथळा नाहीं. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षें टिकतो, म्हणून १९५० च्या आगेमागे निघालेल्या तबकड्यांवरील ध्वनिमुद्रण आतां सर्वांचें झालें आहे. पदाच्या शब्दांवरील व चालीवरील हक्काची गणना तेवढी निराळी, ती कर्त्याच्या मृत्यूपासून होते. जी तबकडी शेंकडों घरांत होती, जिची नक्कल दहा ठिकाणीं झाली, ती एका घरांत फुटली तर गाणें मरत नाहीं. मुलाचें म्हणणें खरें ठरतें तें एवढ्यापुरतें.

एवढ्यापुरतेंच म्हणण्याचें कारण असें कीं, इंटरनेटवरील जुन्या गाण्यांच्या प्रती पुष्कळदां निष्काळजीपणानें केलेल्या असतात. तबकडी ७८ ऐवजीं ७४ फेऱ्यांनीं फिरली तर आवाज जवळजवळ अर्धा स्वर उतरतो, चढ्या पट्टींत गाणारा गवई मंद व जड वाटूं लागतो, आणि ऐकणाऱ्यास वाटतें कीं, "एवढें काय होतें यांच्या गाण्यांत?" कोणी खरखर काढण्याच्या नादांत तीबरोबर आवाजाची धारहि काढून टाकतो. म्हणून तबकडी धड असेल, तर ती फेकूं नये; उभी ठेवावी, आडवी रचूं नये, आणि ठेवावी ती माळ्यावर मात्र नव्हे.

माळ्याचा प्रश्न खानदेशांत साधा नाहीं. जळगांव-भुसावळकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तो सावलींतला पारा. पत्र्याच्या छपराखालीं पत्र्याच्या पेटींत काय होत असेल, याची कल्पना दुपारीं त्या पेटीस हात लावणारासच येईल. ज्या प्लॅस्टिकच्या तबकड्या १९४८ नंतर जगभर पसरल्या, त्या ६० अंशांच्या पुढें मऊ पडूं लागतात. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि तबकडी पापडासारखी वांकते. कोंकणांतल्या घरांत ध्वनिमुद्रिकांचा शत्रु बुरशी. खानदेशांत ऊन आणि धूळ. कॅसेटीची फीत उन्हानें वितळत नाहीं, परंतु गुंडाळीच्या एका वेढ्यावरील चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटूं लागतें, आणि गाणें सुरू होण्यापूर्वींच त्याचा भुतासारखा पडसाद ऐकूं येतो. फीत डोक्याशीं दाबून धरणारी चिमुकली गादी डिंक सुकून गळून पडते. ९० मिनिटांच्या कॅसेटीची फीत ६० मिनिटांच्या फितीहून पातळ, म्हणून ती लौकर ताणली जाते.

सर्वांत फसवी वस्तु म्हणजे घरीं किंवा छायाचित्रकाराच्या दुकानीं भरून घेतलेली सी.डी. कारखान्यांत छापलेल्या सी.डी.वर खळगे ठसविलेले असतात. घरीं भरलेलीवर मात्र रंगाचा एक पातळ थर लेझरनें जाळून खुणा केलेल्या असतात. तो रंग उन्हानें व उजेडानें उडतो. २००० ते २०१० या दशकांत ज्यांचीं लग्नें झालीं, त्यांनीं लग्नाची सी.डी. कपाटांतून काढून एकदां लावून पाहावी. आजीच्या लाखेच्या तबकडीहून ती आधीं मुकी झाल्याचें पुष्कळांस आढळेल.

तर मग सर्व कांहीं इंटरनेटवर सोंपवून मोकळें व्हावें काय? ऐकण्यापुरतें बोलावयाचें तर होय, असेंच बहुतेकांनीं ठरविलें आहे. जगांत ध्वनिमुद्रित संगीतावर जो पैसा मिळतो त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आज अशा प्रवाही श्रवणांतून येतो. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ सुरू झाल्यावर मोबाइलचें इंटरनेट एकदम स्वस्त झालें आणि चाळीसगांवपासून शिरपूरपर्यंत ज्या घरांत कधीं टेपरेकॉर्डरहि नव्हता तेथें हवें तें गाणें मिळूं लागलें. ही सोय लहान नाहीं. ज्या वृद्धांस मोबाइलच्या पडद्यावरील बारीक अक्षरें दिसत नाहींत त्यांच्यासाठीं जुन्या ग्रामोफोन कंपनीच्याच वारस असलेल्या 'सारेगामा' कंपनीनें २०१७ सालीं 'कारवाँ' हें यंत्र काढलें. दिसावयास रेडिओ, पोटांत अंकीय रूपानें भरलेलीं पांच हजार गाणीं, इंटरनेटची गरज नाहीं, आणि फिरवावयास एक मोठी कळ. वस्तु कीं अंक, या वादांत दोन्ही पक्षांनीं एकत्र जेवावें तशी ही तडजोड आहे, आणि तिचा खप पाहतां लोकांस ती रुचली.

मात्र प्रवाही श्रवण म्हणजे भाड्याचें घर, ही गोष्ट विसरूं नये. दर महिन्यास पैसे भरणारा माणूस गाण्याचा मालक होत नाहीं. गूगलची जुनी संगीत-सेवा २०२० सालीं बंद झाली. 'रेसो' ही सेवा २०२४ च्या जानेवारींत भारतांतून गेली, आणि त्याच वर्षीं 'विंक'हि मिटली. तेथें वर्षानुवर्षें जुळविलेल्या आवडत्या गाण्यांच्या याद्या पुष्कळांस गमवाव्या लागल्या. २०२३ च्या मार्चांत झी म्युझिक कंपनी व स्पॉटिफाय यांचा करार न जुळल्यामुळें त्या कंपनीचीं गाणीं स्पॉटिफायवरून एकाएकीं नाहींशीं झालीं. आदल्या रात्रीं ऐकलेलें गाणें सकाळीं तेथें नव्हतें. तरी हीं लोकप्रिय गाणीं. एका दुकानांत मिळालीं नाहींत तर दुसऱ्या दुकानांत मिळतात. ज्यांचें दुसरें दुकानच नाहीं, त्यांची गोष्ट निराळी. 'मायस्पेस' या अमेरिकन संकेतस्थळावर २००३ पासून हौशी व होतकरू गाणारे आपलीं गाणीं ठेवीत असत. २०१९ सालीं चालकांनीं कळविलें कीं, यंत्रें बदलतांना बारा वर्षांचा सांठा नष्ट झाला. तीं गाणीं पांच कोटींहून अधिक होतीं असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. त्यांपैकीं कितीतरी गाणीं त्यांच्या कर्त्यांपाशींहि उरलेलीं नव्हतीं.

ही हकीकत अहिराणी गाणाऱ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी अशी आहे. लाखेच्या तबकडीचा सांचा महाग. हजारोंनीं खप असल्याशिवाय ती परवडत नसे, म्हणून बोलीभाषेंतील गाण्यास तबकडीवर क्वचितच जागा मिळाली. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि लहान गांवांतला गाणारा प्रथमच विक्रीस आला. पुढें मालेगांवच्या हौशी मंडळींनीं आपले चित्रपट व्ही.सी.डी.वर खेडोपाडीं पोंचविले. आणि मग यू-ट्यूब आलें. २०२३ च्या सुमारास 'हाई झुमकावाली पोर' हें अहिराणी गाणें खानदेशाबाहेर, ज्यांस अहिराणीचा एक शब्द कळत नाहीं अशांच्या लग्नांतूनहि वाजूं लागलें. अंकीय माध्यमानें या भाषेस जें दिलें तें तबकडीनें कधीं दिलें नव्हतें. तेव्हां "जुनें तें सोनें" म्हणणाऱ्यांनीं येथें थोडें थांबावें. पण हीं शेंकडों गाणीं आज एकाच परदेशी कंपनीच्या यंत्रावर, कोणाच्या तरी एका खात्यांत आहेत. संकेतशब्द चोरीस गेला, हक्काची तक्रार आली, खातें बंद पडलें, तर गाणें जाईल. यू-ट्यूबवर चढविलेली प्रत ही छाटलेली प्रत असते; मूळ ध्वनिमुद्रण गाणाऱ्याच्या घरीं असलें पाहिजे, आणि स्टुडिओवाल्याकडून तें मागून घेण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

आतां मधल्या थरांतील त्या एक-दोन कॅसेटी. १९८०-९० च्या दशकांत घरोघर टेपरेकॉर्डर आला तेव्हां कोणीतरी आखाजीच्या दिवशीं, माहेरीं आलेल्या लेकी झोक्यावर गाणीं म्हणत असतांना, हौसेनें तांबडी कळ दाबलेली असते. कोणी भुलाबाईचीं गाणीं, कोणी कानबाईच्या रात्रीचीं, कोणी गांवांतल्या वहीगायनाच्या फडाचीं टिपलेलीं असतात. मध्येंच कुत्रें भुंकतें, भांडें पडतें, कोणी हसतें. बाजारांत हिला किंमत शून्य. जगांतील कोणत्याहि मोबाइलवर ती नाहीं. तबकडी शेंकडों घरांत होती. ही कॅसेट एकाच घरांत आहे.

अशा गाण्यांचें काय होतें हें खानदेशानें जवळून पाहिलें आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस लिहितां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, चुलीपुढें त्या रचीत गेल्या. मुलगा सोपानदेव व आप्त यांनीं टिपून घेतलें तेवढें राहिलें आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. बाकीचें वाऱ्यावर गेलें. जें राहिलें त्याचेहि शब्दच कागदावर आले. चाल कागदास कळत नाहीं. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटांत वसंत पवार यांनीं कांहीं रचनांस चाली दिल्या, सुमन कल्याणपूर यांनीं त्या गायिल्या, आणि आज महाराष्ट्राच्या कानांत त्याच घुमतात. त्या चाली सुंदर आहेत यांत शंका नाहीं; पण जात्याच्या घरघरीबरोबर जी चाल फिरत असे ती निराळी.

धुळें जिल्ह्यांत, तापीकांठच्या थाळनेरचें उदाहरणहि असेंच. लता मंगेशकर यांचें तें आजोळ. आजीच्या तोंडून त्या लहानपणीं तेथलीं लोकगीतें, पावागडचे गरबे शिकल्या. वडील मास्टर दीनानाथ १९४२ सालीं निवर्तले. त्यांचा आवाज तबकड्यांवर राहिला व आजहि मिळतो. आजीचें गाणें नातीच्या कंठापलीकडे कोठें उतरलें नाहीं. नात लता मंगेशकर असणें, ही सोय सर्व आज्यांस नसते.

पुणें येथें गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनीं गांवोगांव हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविण्याचें काम १९८० च्या दशकांत हातीं घेतलें. तो सांठा एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला, कांहींचें ध्वनिमुद्रण झालें, आणि 'पारी' या संकेतस्थळानें अलीकडे गाणाऱ्या बायांच्या नांवगांवासह तो सर्वांस खुला केला. हें अंकीय माध्यमाचें सर्वांत उत्तम फळ होय. परंतु असा संग्राहक प्रत्येक गांवीं पोंचत नाहीं, आणि घरच्या कॅसेटीपर्यंत तर नाहींच.

धुळ्यास जपणुकीचा धडा बाहेरून शिकावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले व पुढच्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. शंकर श्रीकृष्ण देवांनीं समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें मठामठांतून गोळा करून त्याच शहरांत आणलीं. या माणसांनीं दोन्ही गोष्टी केल्या. राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' बावीस खंडांत छापून पत्रांच्या हजारों प्रती महाराष्ट्रभर पसरविल्या, आणि मूळ दप्तरें जपण्यासाठींहि तितकीच यातायात केली. छापील प्रत झाली म्हणून अस्सल कागद रद्दींत गेला नाहीं. आणि अस्सल कागद घरांत आहे म्हणून छपाई थांबली नाहीं. कॅसेटीसहि हाच न्याय लागू आहे.

काम अवघड नाहीं. पहिलें म्हणजे कॅसेट उत्साहाच्या भरांत कोठल्याहि धूळखाऊ यंत्रांत घालूं नये. जुन्या फितीचें पहिलें वाजणें हेंच बहुधा सर्वांत चांगलें वाजणें असतें, आणि कधीं कधीं तेंच शेवटचें. प्रथम यंत्राचें डोकें व रूळ स्पिरिटच्या बोळ्यानें पुसावें, दुसऱ्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटीनें यंत्राची परीक्षा करावी. गादी गळाली असेल तर दुसऱ्या कॅसेटीचें कवच घेऊन फीत त्यांत घालतां येते. गांवांत टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा एखादा जुना कारागीर अजून असतो, त्यास हें काम पांच मिनिटांचें. मग फीत एकदां टोंकापर्यंत पुढें व मागें गुंडाळून सैल करावी. यंत्रांतून तारेनें थेट संगणकांत ध्वनि घ्यावा. कर्ण्यासमोर मोबाइल धरून नव्हे. मूळ प्रत न छाटलेल्या 'वेव्ह' स्वरूपांत, सेकंदास ४८,००० मोजण्या आणि २४ बिटांची खोली ठेवून करावी. एका तासास सुमारें एक गिगाबाइट जागा लागते. आजच्या हिशेबानें ती कांहींच नव्हे. खरखर काढण्याची हौस असेल तर दुसऱ्या प्रतीवर भागवावी. नातेवाइकांस मोबाइलवर पाठविण्यासाठीं छाटलेली लहान प्रत चालेल.

प्रती तीन असाव्या. दोन घरांतील निरनिराळ्या डिस्कांवर, आणि तिसरी गांवाबाहेर: पुण्यास असलेल्या मुलीकडे, किंवा इंटरनेटवरील भाड्याच्या कोठारांत. पेन-ड्राइव्ह ही गाणें नेण्याची पिशवी आहे, ठेवण्याची तिजोरी नव्हे. वर्षानुवर्षें वीज न मिळाल्यास तिच्यांतील खुणा विरूं लागतात. कॅसेट स्वतः फेकूं नये. कापडी पिशवींत, घरांतल्या सर्वांत थंड भिंतीशेजारच्या कपाटांत, खालच्या कप्प्यांत ती राहूं द्यावी.

एक काम मात्र कोणत्याहि यंत्रास करतां येणार नाहीं. अशा कॅसेटीच्या चिठ्ठीवर बहुधा पेन्सिलीनें 'आई, आखाजी' एवढेंच लिहिलेलें असतें. वर्ष नसतें, गांव नसतें, बाकीच्या आवाजांचीं नांवें नसतात. तीं माहीत असणाऱ्या आत्या व मावश्या आज सत्तरी-ऐंशींत आहेत. येत्या आखाजीस त्या जमतील तेव्हां ती कॅसेट त्यांच्यापुढें लावावी आणि जवळ वही घेऊन कोणीतरी बसावें. झोक्याचें गाणें उचलणारी कोण, मागून सूर धरणारी कोण, मध्येंच हसून चुकणारी कोण, हें त्या आवाज ऐकतांच सांगतील. एखादें कडवें फितीवर अर्धवट तुटलें असेल तर तें पुरेंहि करतील. संगणकांतील त्या प्रतीस नांव द्यावयाचें तें या वहीवरून.